नाडीची पाठपिशवी: क्रोशाची सुई नुकतीच हातात घेतलेल्यांसाठी

माझी पहिली क्रोशाची पाठपिशवी विणून झाली, तेव्हा ती बरोबर कमरेपर्यंत येत होती. आत दोन जाड पुस्तकं आणि पाण्याची बाटली घालून दिवसभर फिरले, आणि संध्याकाळी तीच पिशवी मांड्यांवर आपटत होती. नाड्या खांद्यात रुतल्या त्या वेगळ्याच. एका कोपऱ्यातला टाका ताणून एवढा मोठा झाला होता की त्यातून पेन बाहेर डोकावत होतं. वीण वाईट नव्हती, टाकेही एकसारखे होते. पण रुमाल विणावा तशी मी पिशवी विणली होती. तिच्यात वजन जाणार आहे, ही गोष्ट माझ्या हिशेबातच नव्हती.

म्हणून इथे विणीइतकंच तळाबद्दल, कोपऱ्यांबद्दल आणि नाडीबद्दल लिहिलंय. वीण खरोखर सोपी आहे. साखळी आणि तीन प्रकारचे खांब जमले की झालं. पिशवी टिकते की लोंबते, ते बाकीच्या गोष्टींवर ठरतं.

तयार पिशवी साधारण ३५ सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच होईल. वरून नाडी ओढली की तोंड बंद होतं आणि त्याच नाड्या खांद्यावरचे पट्टे होतात.

दोरा आणि सुई

दोरा सुती घ्या. ॲक्रिलिक लोकर हाताला मऊ लागते आणि सुईवरून छान सरकते, त्यामुळे शिकताना तीच बरी वाटते. पण वजन पडलं की ती ताणली जाते आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. सुती दोराही ताणला जातो, फक्त कमी. मर्सराइज्ड सुती दोरा मिळाला तर उत्तम. १९व्या शतकात जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली, त्यावरून हे नाव पडलं. या प्रक्रियेने सूत चकचकीत तर होतंच, शिवाय जास्त मजबूत होतं. पिशवीसाठी आपल्याला मजबुतीशीच मतलब.

जाडी ८ प्लाय, वजन ३५० ते ४०० ग्रॅम. सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले आहेत ना, ते वेष्टनावर बघून घ्या. नाहीतर तिसऱ्या गुंड्याला रंग किंचित वेगळा निघतो आणि पिशवीच्या मधोमध पट्टा दिसायला लागतो. पहिल्याच पिशवीला काळा किंवा गडद निळा रंग घेऊ नका. दिव्याच्या उजेडात गडद दोऱ्यावर टाका कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, ते सरावलेल्या डोळ्यांनाही दिसत नाही.

सुई ४ मिलिमीटरची. याशिवाय कात्री, मोजपट्टी, दोरा आत मुरवायला बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, आणि खुणेसाठी स्टिच मार्कर. मार्कर नसेल तर सेफ्टी पिन चालते. तीही नसेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा बोटभर तुकडा टाक्यात अडकवून ठेवा. मी अजूनही तेच करते.

नावांचा घोळ

आपल्याकडची नावं सुटसुटीत आहेत: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. इंग्रजी नमुना वाचायला घेतला की गोंधळ सुरू होतो. अमेरिकन पद्धतीत मुक्या खांबाला सिंगल क्रोशे म्हणतात आणि खांबाला डबल क्रोशे. ब्रिटिश पद्धतीत मुका खांब म्हणजेच डबल क्रोशे, आणि खांब म्हणजे ट्रेबल. एकच शब्द, दोन वेगळे टाके. व्हिडिओ बघून विणत असाल तर सांगणारी व्यक्ती कोणत्या पद्धतीचं बोलते आहे, ते आधी बघा.

टाके थोडक्यात असे. सुईवर सरकगाठीचा एक लूप असतो. दोऱ्याचा वेढा घेऊन तो त्या लूपमधून ओढला की एक साखळी.

*मुका खांब:* सुई टाक्यात घाला, वेढा घेऊन ओढून काढा. सुईवर दोन लूप झाले. पुन्हा वेढा घ्या आणि दोन्हींतून एकदम काढा.

*अर्धा खांब:* आधी वेढा घ्या, मग सुई टाक्यात घाला, वेढा घेऊन ओढून काढा. आता सुईवर तीन लूप आहेत. वेढा घ्या आणि तिन्हींतून एकदम काढा.

*खांब:* सुरुवात अर्ध्या खांबासारखीच, सुईवर तीन लूप. वेढा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा.

याखेरीज फेरा जोडायला स्लिप स्टिच लागेल. सुई टाक्यात घालायची, वेढा घ्यायचा आणि टाक्यातून व सुईवरच्या लूपमधून एकाच दमात ओढून काढायचा.

विणलेल्या कडेकडे वरून पाहिलं की प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर आडव्या पडलेल्या थेंबासारख्या दोन कड्या दिसतात. एक तुमच्याकडची, एक पलीकडची. वेगळं काही सांगितलं नसेल तर सुई नेहमी या दोन्ही कड्यांखालून घालायची. अर्ध्या खांबाला मागच्या बाजूने तिसरी एक आडवी कडी असते आणि नवशिके हमखास तिच्यात सुई घालतात. डोक्यावरच्या दोन, एवढं ध्यानात ठेवा.

नमुना विणायचा कंटाळा करू नका

२० मुक्या खांबांच्या २० ओळींचा एक तुकडा विणा. ओळ संपली की एक साखळी घालायची आणि वळायचं. तुकडा सपाट ठेवून मधल्या भागात १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. कडेचे धरू नका, ते ओढलेले असतात. खाली दिलेला हिशेब १० सेंटीमीटरला १६ टाक्यांचा आहे. तुमचे १८ बसत असतील तर पिशवीचा घेर ७० ऐवजी ६२ सेंटीमीटर होईल. थोडी लहान, पण घट्ट आणि चांगली. १४ बसत असतील तर घेर ८० वर जाईल, वीण जाळीसारखी होईल आणि लोंबेल. तेव्हा ३.५ ची सुई घ्या. एरवी घट्ट हाताच्या माणसाला सगळे हात सैल सोडायला सांगतात. पिशवीच्या बाबतीत घट्ट हात हा गुण आहे.

नमुन्याचा तुकडा टाकून देऊ नका, तो आतल्या खिशाला उपयोगी पडतो.

तळ

गोल तळाची पिशवी विणायला सर्वांत सोपी, पण ती पाठीवर चेंडूसारखी गडगडते. लांबट तळ पाठीला चिकटून बसतो. तो विणणंही अवघड नाही. एक साखळी घालायची आणि तिच्या दोन्ही बाजूंनी गोल फिरत विणायचं.

४१ साखळ्या घाला. सुईवरचा लूप साखळीत धरायचा नाही.

पहिला फेरा: सुईकडून दुसऱ्या साखळीपासून सुरुवात करून ३९ साखळ्यांमध्ये एकेक मुका खांब. शेवटच्या साखळीत ३ मुके खांब. आता काम न उलटता नुसतं फिरवा, म्हणजे साखळीची खालची बाजू वर येईल. त्या बाजूने ३८ मुके खांब, आणि सर्वांत शेवटच्या साखळीत (जिथून सुरुवात केली तीच) आणखी २. एकूण ८२.

या फेऱ्याच्या पहिल्या टाक्याला खूण लावा. इथून पुढे फेरा जोडायचा नाही. शेवटच्या टाक्यावरून सरळ खुणेच्या टाक्यात शिरायचं, जिन्यासारखं गोल गोल वर जायचं. दर फेऱ्याला खूण काढून नव्या पहिल्या टाक्यात लावायची. जोडाचा टाका नसल्याने 'पहिला टाका नेमका कोणता' हा नवशिक्यांना छळणारा प्रश्नच उरत नाही.

खाली 'जोड' म्हणजे एकाच टाक्यात २ मुके खांब.

- दुसरा फेरा: जोड, ३८ साधे, ३ जोड, ३८ साधे, २ जोड. एकूण ८८.
- तिसरा फेरा: (१ साधा, जोड), ३८ साधे, (१ साधा, जोड) तीनदा, ३८ साधे, (१ साधा, जोड) दोनदा. एकूण ९४.
- चौथा फेरा: तसाच, फक्त कंसात २ साधे आणि जोड. एकूण १००.
- पाचवा फेरा: कंसात ३ साधे आणि जोड. एकूण १०६.
- सहावा फेरा: कंसात ४ साधे आणि जोड. एकूण ११२.

प्रत्येक फेऱ्यात सहाच टाके वाढतात, तीन एका टोकाला आणि तीन दुसऱ्या टोकाला. हे सहा का, तर मुका खांब जितका रुंद असतो जवळपास तितकाच उंच असतो. फेरा त्या उंचीइतका बाहेर सरकला की त्याचा घेर सुमारे सहा टाक्यांनी वाढतो. सहापेक्षा कमी वाढवले तर तळ वाटीसारखा उचलला जातो, जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. तेव्हा तळ टेबलावर सपाट बसला नाही तर आधी टाके मोजा. बहुतेक वेळा एखाद्या टोकाला जोड घालायचा राहिलेला असतो. एक-दोन टाक्यांचा फरक असेल तर पुढच्या फेऱ्यात टोकाच्या वळणावर भरून काढा, कोणालाही कळणार नाही. पाच-सहाचा असेल तर मुकाट्याने उसवा. क्रोशात सुईवर एकच लूप असतो, दोरा ओढला की हवं तिथपर्यंत वीण सुटते आणि बाकीची शाबूत राहते. उसवणं ही शिक्षा मानू नका. माझ्या हातून आजही प्रत्येक पिशवीत एक-दोन फेरे उसवले जातातच.

सहाव्या फेऱ्याअखेर तळ साधारण ३१ ते ३२ सेंटीमीटर लांब आणि साडेसहा सेंटीमीटर रुंद होतो.

अंग

सातव्या फेऱ्यात जोड घालायचे नाहीत. ११२ टाक्यांवर ११२ मुके खांब, पण सुई फक्त मागच्या, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या कडीखालून घाला. पुढची कडी मोकळी राहते आणि तळाभोवती एक बारीक रेघ उमटते. या रेघेवर वीण काटकोनात वळते आणि पिशवीला बूड आल्यासारखं दिसतं.

आणखी दोन-तीन फेरे झाले की भिंती वर येतात. त्या तुमच्या दिशेने वळत असतील तर सुलट बाजू आत जातेय असं समजा. मोजा उलटवतो तशी पिशवी उलटवून घ्या. विणताना पिशवीची बाहेरची बाजू तुमच्याकडे हवी.

आठव्या फेऱ्यापासून अर्धा खांब. पूर्ण खांबाने काम लवकर उरकतं, पण दोन खांबांमध्ये फटी राहतात आणि वजनाने त्या रुंदावतात. सगळं अंग मुक्या खांबाने विणलं तर पिशवी पुठ्ठ्यासारखी कडक होते आणि दोराही जास्त जातो. अर्धा खांब या दोहोंच्या मधला. उंची एकदम वाढू नये म्हणून आठव्या फेऱ्याचा पहिला टाका मुका खांब घ्या, मग अर्धे खांब सुरू करा.

आता तळाच्या रेघेपासून ३६ सेंटीमीटर उंची येईपर्यंत गोल फिरत राहा. माझ्या हाताने १० सेंटीमीटरला १२ फेरे होतात, म्हणजे सगळे मिळून ४३ फेरे. टाके मोजले तर ४८०० च्या वर जातात. या टप्प्यात विचार करावा लागत नाही, म्हणून लोक कंटाळतात किंवा भलतीकडे लक्ष देऊन टाके गाळतात. दर पाच फेऱ्यांनी एकदा ११२ मोजून घेतले की पुरे.

दोरा संपत आला की दोन टोकांना गाठ मारून पुढे जायचा मोह होतो. तो टाळा. गाठ घट्ट वाटली तरी धुण्यात सुटते, आणि सुटली की दोन्ही बाजूंची वीण उसवायला लागते. त्यापेक्षा शेवटच्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या दोऱ्याने घ्या, दोन्हीकडे १५ सेंटीमीटरची टोकं सोडा. काम झाल्यावर ती बोथट सुईने आतल्या बाजूने मुरवा. आधी एका दिशेने पाच-सहा टाके, मग उलट फिरून परत. एकाच दिशेने मुरवलेलं टोक सरळ बाहेर सरकतं.

एक गोष्ट लक्षात येईल. तुमची खूण सरळ वर जात नाही, हळूहळू एका बाजूला सरकत जाते. टाके मोजून बघाल तर ११२ बरोबर असतात. गोल विणताना प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या अगदी डोक्यावर न बसता किंचित कडेला बसतो, आणि चाळीसेक फेऱ्यांत तो फरक बराच होतो. घाबरायचं कारण नाही. फक्त पिशवीची बाजू कोणती, हे इथून पुढे खुणेवरून ठरवायचं नाही.

नाडीची घरं

इथे जरा सावकाश.

पिशवी टेबलावर अशी पसरा की लांबट तळाची दोन टोकं डावीकडे आणि उजवीकडे येतील. आता वरच्या काठावर जिथे घडी पडते, ते दोन टाके म्हणजे पिशवीच्या बाजू. दोन्हींना खूण लावा आणि मधले टाके मोजून बघा. एका खुणेच्या टाक्यापासून दुसरीच्या आधीच्या टाक्यापर्यंत ५६ व्हायला हवेत. एक-दोन इकडे तिकडे असतील तर एक खूण सरकवून घ्या.

सध्याच्या फेऱ्यावरून यांपैकी एका खुणेपर्यंत अर्धे खांब विणत या, शेवटचे तीन-चार टाके मुके खांब घ्या म्हणजे उंची उतरेल. मग मुक्या खांबांचा एक पूर्ण फेरा, खुणा वर घेत, आणि शेवटी स्लिप स्टिचने जोडा.

घरांचा फेरा: ३ साखळ्या घाला, त्या पहिला खांब धरायच्या. पुढच्या २ टाक्यांत २ खांब. मग २ साखळ्या घालून २ टाके सोडा, हे पहिलं घर. यापुढे ५ खांब, २ साखळ्या, २ टाके सोडा, असं १५ वेळा. शेवटी २ खांब उरतील. तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच घालून जोडा. ८० खांब आणि १६ घरं.

सुरुवात तीन खांबांनी आणि शेवट दोन खांबांनी का? कारण अशाने दोन्ही बाजूंच्या घड्या पाच खांबांच्या बरोबर मधल्या खांबावर येतात, घरावर येत नाहीत. आणि १६ का? घरांची संख्या सम नसेल तर बाहेरून आत, आतून बाहेर करत फेरी मारून आलेल्या नाडीचं एक टोक बाहेर राहतं आणि दुसरं आत अडकतं. चारने भाग जाणारी संख्या घेतली तर दुसऱ्या बाजूने येणारी नाडीही पहिलीच्याच वाटेने जाते, आणि दोन्ही सोबत सरकतात. १४ घरं केली तरी पिशवी बंद होईल, पण नाड्या एकमेकींच्या उलट आतबाहेर होतात आणि ओढताना अडखळतात.

घरांच्या वर मुक्या खांबांचे तीन फेरे: प्रत्येक खांबावर एक, प्रत्येक घराच्या साखळीत दोन, म्हणजे पुन्हा ११२. शेवटी स्लिप स्टिच, दोरा तोडा, टोक मुरवा.

नाडी

नुसत्या साखळीची नाडी करू नका. विणायला पाच मिनिटं लागतात, पण ती रबरासारखी ताणते. माझ्या त्या पहिल्या पिशवीची हीच गत झाली होती. पिळाची नाडी करा. त्यात वीण नाही, फक्त पीळ आहे.

एका नाडीसाठी ५-५ मीटरचे चार दोरे कापा. दोन्ही टोकांना एकत्र गाठी मारा. एक टोक दाराच्या कडीला अडकवा, दुसऱ्या टोकात पेन्सिल घाला आणि दोरे ताणले जातील इतके मागे जा. खोली अपुरी पडली तर गच्ची किंवा लांब व्हरांडा बघा. आता पेन्सिल एकाच दिशेने फिरवत राहा. शंभरेक फिरक्यांनंतर हात दुखायला लागतो आणि 'झालं असेल' असं वाटतं. झालेलं नसतं. तपासायची खूण अशी: एक पाऊल पुढे या. दोरा सैल पडताक्षणी जागोजागी स्वतःभोवती गुंडाळून गाठोळ्या करायला लागला तर पीळ पुरेसा आहे. नुसता लोंबला तर अजून फिरवा.

मग दोरा ताठ ठेवूनच त्याच्या मध्यावर कात्री किंवा कुलूप अडकवा, तुमचं टोक कडीकडे न्या आणि दोन्ही टोकं एकत्र धरा. वजन सोडलं की ते भिंगरीसारखं गरगरतं आणि दोन पदर आपोआप एकमेकांत गुंफले जातात. हे बघायला मुलं हमखास जमतात; त्यातल्या एकाला मध्य धरायला लावला तर काम सोपं होतं. वजन थांबलं की नाडीवरून वरून खाली हात फिरवा, पीळ सगळीकडे सारखा पसरेल. मोकळ्या टोकांना घट्ट गाठ मारा आणि गाठ मारल्याशिवाय कुठेही कापू नका, नाहीतर सगळा पीळ क्षणात उलगडतो. नाडी सुमारे १९० सेंटीमीटरची भरते. अशा दोन हव्यात.

ओवताना नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावा, नेफ्यात ओवतो तशी. पहिली नाडी उजव्या घडीजवळच्या घरातून बाहेरून आत घाला, पुढच्यातून बाहेर काढा, आणि सगळा फेरा मारून उजव्याच घडीशी बाहेर या. दुसरी नाडी डाव्या घडीपासून निघून त्याच दिशेने फेरा मारून डाव्याच घडीशी परत येते. उजव्या नाडीची दोन्ही टोकं उजवीकडे, डावीची डावीकडे. दोन्हीकडून ओढून बघा. तोंड सहज मिटायला हवं.

कोपरे

सगळं वजन शेवटी इथे येतं. तळाच्या कोपऱ्यात एखाद्या टाक्यातून नाडी ओवून गाठ मारलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. तो एक टाका दोन महिन्यांत फाटतो.

त्याऐवजी दोन पट्ट्या विणा. प्रत्येक पट्टी ६ मुक्या खांबांची, १२ ओळी. आडवी दुमडली की फाशासारखं घर तयार होतं. तिची दोन्ही टोकं पिशवीच्या बाजूच्या घडीवर, तळाच्या रेघेलगत ठेवा आणि दुहेरी दोऱ्याने चारही बाजूंनी चौकोन आणि मधून फुलीचे टाके घालून शिवा. शिवताना सुई पिशवीच्या एकाच फेऱ्यातून जाऊ देऊ नका, चार-पाच फेऱ्यांवर शिवण पसरली की ओढ वाटली जाते. आतून पट्टीएवढा जाड कापडाचा तुकडा ठेवून त्याच्यासकट शिवलंत तर आणखी चांगलं.

प्रत्येक बाजूच्या नाडीची दोन्ही टोकं त्या बाजूच्या पट्टीतून ओवा आणि एकत्र गाठ मारा, पण पक्की नको. पिशवीत नेहमीएवढं सामान भरा, तोंड ओढून बंद करा, पाठीवर घ्या. तळ कमरेच्या थोडा खाली आला तर ठीक. फार खाली असेल तर गाठ वर सरकवा. समाधान झालं की गाठ आवळून घ्या. जास्तीची नाडी कापायची असेल तर कापायच्या जागेच्या आत आधी दुसरी गाठ.

अस्तर

ऐच्छिक आहे, असं मी म्हणणार नाही. बिनअस्तराची पिशवी टॉवेल आणि कपड्यांपुरती ठीक. किल्ल्या, पेन, पुस्तकं न्यायची असतील तर अस्तर हवंच. सामान बाहेर येऊ नये हा त्याचा दुय्यम फायदा. मुख्य काम असं की कापड ताणत नाही, म्हणून वजन कापड उचलतं आणि वीण त्याच्यावर नुसती पांघरलेली राहते. त्यासाठी अस्तर पिशवीपेक्षा एक सेंटीमीटर आखूड हवं. सैल, मोठं अस्तर लावलं तर ते तळाशी गोळा होतं आणि भार पुन्हा विणीवरच येतो.

माप पिशवी लोंबायच्या आत, म्हणजे वापरायला काढण्याआधी घ्या. वर दिलेल्या मापाला ३८ बाय ४१ सेंटीमीटरचे सुती कापडाचे दोन तुकडे लागतात, शिवणीसाठी दीड-दीड सेंटीमीटर धरून. ते आधी एकदा धुवून वाळवा, कोरं कापड आटतं. उशीच्या अभ्र्यासारखे तीन बाजूंनी शिवा, हाताने बारीक टाके घातले तरी पुरतं. नमुन्याचा तुकडा खिसा म्हणून याच वेळी शिवून टाका. अस्तर न उलटता पिशवीत सोडा, वरची कड विणीच्या बाजूला दुमडा आणि घरांच्या फेऱ्याच्या लगेच खाली शिवा. त्याच्या वर गेलात तर नाडी कापडात अडकते. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत अस्तर विणीला दोन टाक्यांनी पकडून ठेवा, म्हणजे वस्तू काढताना ते सोबत बाहेर येणार नाही.

धुताना

गडद दोरा असेल तर आधी त्याचा एक तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा, रंग जातो का ते कळेल. पिशवी थंड पाण्यात हाताने धुवा. पिळू नका, जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबा, पाणी टॉवेल ओढून घेतो. ओलं सूत जड असतं, त्यामुळे नाड्यांना धरून टांगलेली पिशवी वाळेपर्यंत लांब होऊन बसते. सपाट पसरून वाळवा, नाड्या सैल सोडून, आणि अर्धी वाळली की एकदा उलटी करा. तळाची बाजू सर्वांत उशिरा वाळते.